बाबागाडीतला वरवंटा

परवा नातसून बाळाला घेऊन बसनं आली. एका हातात पोर, दुसऱ्या हातात बाबागाडी, छत्री मिटावी तशी मिटलेली. दारात येऊन तिनं गाडीला एक हिसका दिला, खट्ट झालं, गाडी उघडली, पोर आत. मी बघतच राहिले.

म्हटलं, "कंडक्टर काही बोलला नाही?"

"काय बोलणार आजी? मिटली की पिशवीच ना ती."

आमची मिटत नव्हती. आमची बाबागाडी म्हणजे लहानसा टांगाच. घोडा तेवढा नव्हता, त्याच्या जागी मी.

साठ-पासष्ट सालची गोष्ट असेल. आम्ही घाटकोपरला राहायचो, आग्रा रोडच्या आत एका चाळीत. नवरा गिरणीत होता. सासू मालवणची, मुंबईत येऊन बरीच वर्षं झाली तरी बोलायची तिकडचंच. माझी पहिली मुलगी जन्माला आली ती दोन्ही पाय आत वळलेले घेऊन. तळवे एकमेकांकडं बघणारे, पायांनीच नमस्कार केल्यासारखे. सुईण म्हणाली, तेल लावा, चोळा, होतील सरळ. चोळले. नाही झाले. मग कुणीतरी सांगितलं म्हणून कुर्ल्याच्या पुढं मोठ्या इस्पितळात नेलं. तिथं डॉक्टरीणबाई होत्या, बोलायला कडक, पण हात मऊ. त्या म्हणाल्या, "उशीर केलात, तरी बघू. दर गुरुवारी यायचं. जुनं प्लास्टर काढायचं, पाय थोडा सरळ करायचा, नवं घालायचं. पण एक गुरुवार चुकवलात की पाय परत आत वळणार. मग सुरी लावावी लागेल."

तेव्हापासून माझ्या आठवड्यात वार एकच. गुरुवार. बाकीचे नुसते मधे मधे यायचे.

मांडीपासून बोटांपर्यंत दोन्ही पाय प्लास्टरमध्ये, गुडघ्यात वाकवलेले. पोरगी आठ-नऊ महिन्यांची, पण कडेवर घेतली की वाटायचं पाटा उचललाय. प्लास्टरची कड माझ्या कमरेला लागून लागून घट्टा पडला होता. जाताना त्याचं काही वाटायचं नाही. येताना भीती. नवीन प्लास्टर ओलं असतं, एक दिवस जातो वाळायला. बसच्या गर्दीत कुणाचा कोपर लागला, मांडीवर दाबलं गेलं, की त्याला खळगा पडतो आणि आत पाय दाबला जातो. एकदा तसं झालं. डॉक्टरीणबाईंनी खळग्यावर बोट ठेवलं आणि माझ्याकडं नुसतं बघितलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

आगगाडीनं जावं तर स्टेशनचा पूल चढायचा-उतरायचा. टॅक्सीचं नावच काढू नका. म्हणून बस.

बाबागाडी मिळाली ती मी जिथं भांडी घासायचे त्या बंगल्यात. गुजराती शेठाणी होती, तिच्या नातवाची गाडी माळ्यावर पडून होती. मोठी चाकं, खाली स्प्रिंगा, वर काळ्या कापडाचं छप्पर. मी कमरेवर हात ठेवून उभी राहिले ते तिनं बघितलं आणि म्हणाली, "लई जा ने, बेन. इथं उंदीर झोपे छे एमां." मी ढकलत घरी आणली. चाळीतली पोरं मागून वरात काढून आली.

दारात सासू उभी. तिनं गाडी बघितली, मग मला बघितलं.

"रिकामी ढकलत हाडलंस?"

"मग काय, आत बसून आणू?"

"रिकामो पाळणो हलवचो नसता गो! पोराच्या पोटात दुखता. तुझ्या आवशीन काय शिकवल्यान तुका?"

मी म्हटलं, "हा पाळणा नाही, गाडी आहे."

"पोर निजता तो पाळणोच. चाकां लावली म्हणान काय झाला?"

सासूपुढं बोलून उपयोग नव्हता. आणि खरं सांगू, इस्पितळात पोर टेबलावर असताना गाडी इकडची तिकडं करावी लागणार, ती हलणार, हे डोक्यात आलं आणि मलाही धीर होईना. आधीच पायाचं दुखणं, त्यात पोटाचं कशाला?

तिनंच तोड काढली. स्वयंपाकाच्या कोपऱ्यातून वरवंटा आणला. पाट्यावर मसाला वाटायचा तो दगडी वरवंटा. आमच्याकडं बारशाला पाळण्यात आधी वरवंटाच ठेवतात, मग बाळ. माझ्या पोरीच्या बारशाला हाच ठेवला होता. सासूनं त्याला दुपट्यात गुंडाळलं, पोरीची जुनी कुंची घातली आणि गाडीत निजवलं. मग थोडा विचार केला आणि काजळाची तीट लावली.

"आता पोर भायर काढलंस तरी गाडी रिकामी नाय," ती म्हणाली. "पण दुपारी परत घेवन ये हां. रातच्या जेवणाक वाटप लागता."

पहिल्या गुरुवारी मी नाक्यावर उभी राहिले. पोरगी गाडीत, पायाशी वरवंटा. पहिली बस आली, कंडक्टरनं लांबूनच हात हलवला. दुसरी आली, कंडक्टर म्हणाला, "बाई, हे काय, बस आहे की मालगाडी?" आणि घंटी मारली. माझं लक्ष सूर्याकडं. डॉक्टरीणबाई अकरानंतर नवीन प्लास्टर घालत नसत.

तिसरी दुमजली आली. तिचा कंडक्टर काटकुळा, मिशी कातरलेली, टोपी सरळ. तिकिटाच्या पेटीवर पंच टिकटिकवत पायरीवर उभा. मी काही विचारलंच नाही, पुढची चाकं पायरीवर चढवली.

"ओ बाई! ओ! गाडी नाही चालणार."

"पोर आहे आत. पाय बघा."

त्यानं पाय बघितले. पंच थांबला.

"पोर आत असेल तर चालेल," तो म्हणाला. "जिन्याखाली लावा. पण रिकामी गाडी म्हणजे सामान. सामान एवढं मोठं चालत नाही. नियम आहे."

तो नियम होता की त्यानं तिथल्या तिथं केला, देव जाणे. पण माणूस नियमाचा होता हे खरं.

वरच्या मजल्याच्या जिन्याखाली थोडी जागा असायची. तिथं एका कोळणीची रिकामी पाटी पालथी ठेवलेली होती. ही कोळीण सकाळी आमच्या नाक्यावर मासळी विकायची आणि नऊच्या सुमाराला घरी परतायची. माझी तोंडओळख होती. भाव करताना शिव्या देण्याइतपत. तिच्या पाटीशेजारी मी गाडी लावली आणि जवळच्या बाकावर तिच्याच बाजूला बसले.

बस सुटली आणि पोरीनं भोंगा लावला. तिला वरच्या छपरामुळं मी दिसेना. असं रडणं की पुढचे लोक मागं वळून बघायला लागले. शेवटी उचलून मांडीवर घेतली, तर लगेच गप्प. डोळ्यांत पाणी आणि तोंडात माझं मंगळसूत्र.

कंडक्टर तिकिटं फाडत मागं आला.

"बाई, मी काय सांगितलं? पोर गाडीत नसेल तर गाडी सामान. पुढच्या स्टॉपला उतरा."

"पण ती रडते..."

"नियम म्हणजे नियम," असं म्हणत त्यानं गाडीच्या छपराखाली डोकावलं. मग एकदम आवाज खाली आणला. "अरे! हे झोपलंय होय. जुळं का?"

मी तोंड उघडायच्या आत शेजारची कोळीण बोलली, "तं काय? जुलाच हाय. दिसत नाय तुला? ती रडूबाय आनी तो शाना."

"बारका आहे हो फार."

"मग! आईचा दूध सगला हीच पिते."

मी खिडकीबाहेर बघितलं. कंडक्टरनं माझं एकच तिकीट फाडलं आणि चवड्यांवर चालत पुढं गेला. झोपलेलं उठू नये म्हणून पंचसुद्धा वाजवला नाही.

कोळीण तोंडाला पदर लावून हलत होती. मी म्हटलं, "अगं, काय बोललीस हे?"

"मंग काय, पोरीचा पाय वाकडा ऱ्हाऊदे? ज्याला जा पटेल, ता त्याला सांगावा. मासली काय उगाच इकते व्हय मी?"

तेव्हापासून दर गुरुवारी तीच बस. कोळीण सकाळच्या गिऱ्हाइकांशी हुज्जत घालता घालता बसवर लक्ष ठेवायची. कंडक्टर बहुतेक तोच असायचा. आम्हाला लांबून बघून तो ड्रायव्हरला घंटी देऊन थांबवायचा आणि पुढचा दांडा धरून गाडी स्वतः वर घ्यायचा. माझी पोरगी मांडीवर, वरवंटा गाडीत. कंडक्टर जाता-येता त्याचं कौतुक करायचा. "बघ, तुझा भाऊ बघ कसा शांत झोपतो. नाहीतर तू!" पोरगी त्याच्याकडं बघून आणखी रडायची.

एकदा हवेत हुंगत म्हणाला, "बाई, बाळाला लसणाचा वास येतो."

मी पहाटे वाटप केलं होतं, घाईत वरवंटा नीट धुतला नव्हता.

"लसूण लागलाय थोडा," मी म्हटलं.

"सर्दीला ना? चांगला. आमची आईपण तेलात कढवून लावायची. हळदपण लावली वाटतं, दुपट्याला डाग आहे."

"हळद आहे."

"आणि धने?"

मी नुसती मान हलवली. कोळीण बाकावरून उठून दाराशी जाऊन उभी राहिली. बसली असती तर फुटली असती.

घरी हे सांगितलं तेव्हा नवरा भाकरी खाता खाता ठसकला. सासू मात्र हसली नाही. म्हणाली, "चांगलो माणूस आसा. सर्दीक जायफळ उगाळून लावतत म्हणान सांग तेका."

पोरीचे पाय हळूहळू सरळ होत होते. पण डावा हट्टी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पुढच्या गुरुवारी प्लास्टर काढून ठरवू. बूट, नाहीतर सुरी. पण वेळेवर या. मोठे डॉक्टर थोडाच वेळ असतात, ते निघून गेले तर पुन्हा कधी येतील सांगता येत नाही."

त्या गुरुवारी मी अंघोळ करून देवाला हात जोडले, वरवंटा चक्क साबणानं धुतला आणि निघाले. बस वेळेवर आली. कोळीण होती, कंडक्टर होता, सगळं नेहमीसारखं.

कुर्ल्याच्या अलीकडं तबेल्यातली एक म्हैस रस्त्यात आली. ड्रायव्हरनं असा ब्रेक मारला की वरच्या मजल्यावरचे लोक खाली आल्यासारखे वाटले. जिन्याखालून बाबागाडी सुटली, खांबावर आदळली, उलटली आणि आतलं दुपट्याचं गाठोडं उघड्या दारातून उडून धाडकन रस्त्यावर पडलं.

"पोर पडलं! पोर पडलं!" अख्खी बस ओरडली.

बस पुरती थांबायच्या आत कंडक्टरनं उडी टाकली. गुडघ्यावर पडला, उठला, पळत जाऊन गाठोडं उचललं आणि छातीशी धरलं. मला ऐकू येत होतं, तो म्हणत होता, "काही नाही राजा, काही नाही, काही नाही..." मग त्याचा आवाज थांबला. त्यानं कुंची वर केली. बघितलं. परत खाली केली. परत वर केली.

परत आला तेव्हा त्याचा चेहरा माझ्या पोरीच्या प्लास्टरसारखा झाला होता. गुडघ्याला रक्त.

"बाई," तो म्हणाला, "हा दगड आहे."

"वरवंटा आहे."

"वरवंटा?"

"मसाल्याचा."

तो पायरीवर बसला. गाठोडं अजून छातीशीच. "आणि मी दर गुरुवारी त्याला..."

"तिला काय बोलू नको!" कोळीण उठली. "जुला मी बोलले. माला पकड."

पुढून ड्रायव्हर धावत आला. "बच्चा किधर है? मर गया क्या?"

"बच्चा नहीं है," कंडक्टर म्हणाला. "पत्थर है."

"पत्थर? तो मेरा खून काहे को सुखाया रे?"

एक चष्मेवाले गृहस्थ ओरडायला लागले, "ही फसवणूक आहे! उतरवा त्या बाईला. आम्हाला ऑफिस आहे." त्यावर मागून एक बाई तडकली, "ओ, रिकामा पाळणा हलवतात का? तुमच्या घरी कुणी शिकवलं नाही?" दुसरी म्हणाली, "पोटात दुखतं त्यानं." तिसरी म्हणाली, "पोटात नाही हो, पोर दचकतं झोपेत. आमच्याकडं वरवंटा नाही, खोबऱ्याची वाटी ठेवतात." मग तिथंच भांडण जुंपलं, वाटी की वरवंटा. वरच्या मजल्यावरून माणसं जिन्यात येऊन वाकून बघत होती. ऑफिसवाल्याचं कुणी ऐकेना.

माझं कशाकडंच लक्ष नव्हतं. सूर्य वर आला होता. इथं उतरवलं तर कुर्ल्याहून पोरीला घेऊन चालत जायचं, गाडी खड्ड्यांतून ढकलायची. मोठे डॉक्टर निघून जाणार. मी कंडक्टरला सगळं सांगितलं, पाळण्याचं, सासूचं, आजच्या गुरुवारचं. रडले नाही. रडायला वेळ नव्हता.

तो म्हणाला, "आधी सांगायचं होतंत."

"सांगितलं असतं तर उतरवलं असतंत."

त्यानं जरा विचार केला. "उतरवलं असतं," म्हणाला. खोटं बोलला नाही. मग गाठोड्याकडं बघत राहिला. "माझ्या मुलीच्या बारशाला मीच धरला होता वरवंटा. टोपरं घालून. आई म्हणाली, नीट धर, डोकं सांभाळ. मी सांभाळलं."

मग उठला. टोपी सरळ केली. गाडी उचलून जिन्याखाली लावली. एक चाक वाकलं होतं, ते पायानं दाबलं. माझ्या मांडीवरून पोरीला काढलं, दोन्ही हातांवर, प्लास्टर न दाबता, आणि गाडीत ठेवली. वरवंटा माझ्या मांडीवर दिला.

"गाडीत पोर आहे," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "म्हणजे गाडी सामान नाही. आणि बाईच्या मांडीवर वरवंटा आहे. मांडीवर काय घ्यायचं ह्याचा नियम नाही. चला!" आणि घंटी मारली, टण टण.

पोरीनं तोंड वाकडं केलं, आता भोंगा लागणार. तेवढ्यात तो तिच्यासमोर वाकला आणि पंच टिकटिकवला. ती बघायला लागली. तो मधले दोन स्टॉप तिथंच उभा राहून टिकटिक करत होता, तिकिटं लोक हात लांब करून घेत होते. चष्मेवाल्यानंसुद्धा.

इस्पितळात पोचले तर मोठे डॉक्टर जायला निघाले होते. कोट अंगात घालत होते. डॉक्टरीणबाईंनी त्यांना दारातून परत फिरवलं. प्लास्टर कापलं. डावा पाय हातात धरून त्यांनी असा वळवला, तसा वळवला. मी वरवंटा गाडीत टाकून गाडी घट्ट धरून उभी होते. हलू द्यायची नाही म्हणून.

"बूट," ते म्हणाले.

लगेच चालली असं नाही. लोखंडाची पट्टी लावलेले काळे बूट, तिच्याहून जड. भिंत धरून उभी राहायला शिकली, पडली, परत उभी राहिली. रडूबाई ती रडूबाईच, पण पडल्यावर रडली नाही कधी. गुरुवार मात्र चालूच होते, आता बूट दाखवायला. बाबागाडी न्यावीच लागायची, कारण चार पावलांत दमायची.

मग एका गुरुवारी येताना, इस्पितळाच्या स्टॉपवर, बस आली आणि मी तिला गाडीत घालायला वाकले, तर तिनं माझा हात ढकलला. दांडा धरला. एक बूट पायरीवर टाकला, खण्ण. दुसरा ओढला, खण्ण. वर जाऊन उभी. तिच्या मागं बघते तर दारात तोच कंडक्टर.

तो तिच्या बुटांकडं बघत राहिला. मी मागून गाडी चढवली. गाडीत वरवंटाच होता, कुंची घातलेला. मी मनात म्हटलं, आता पोर आपल्या पायावर आहे, म्हणजे गाडी सामान. हा माणूस नियमाचा. म्हणेल उतरा.

त्यानं छपराखाली डोकावलं. मग बोट ओठावर ठेवलं आणि मागच्या लोकांना म्हणाला, "हळू या, हळू. झोपलंय."

घाटकोपरला उतरलो. पोरीला आता गाडीत बसायचंच नव्हतं, ढकलायची होती. तिचे हात दांड्याला पुरेनात, म्हणून चाकावरच्या पत्र्याला धरून ढकलत होती. मी नुसता वरून हात ठेवला होता. आग्रा रोड ते चाळ, एरवी मी दम न घेता यायचे. त्या दिवशी दुपार कलली. चाळीतल्या बायका एकेक करून दाराबाहेर आल्या.

सासू उंबऱ्यावर बसली होती. समोर पाटा धुऊन मांडलेला, वर खोबरं, मिरच्या, धने. तिनं नातीला येताना बघितलं. पायांकडं बघितलं, बुटांकडं बघितलं, पुसल्यासारखा डोळ्यांवरून हात फिरवला. पोरगी गाडी थेट पाट्यापाशी नेऊन थांबली.

सासूनं गाडीत हात घातला, कुंची काढून पोरीच्या हातात दिली आणि वरवंट्याची बाजू बघितली. म्हशीच्या दिवशी पडला होता तिथला टवका अजून पांढरा दिसत होता.

"खूप उशीर केलंस गो," ती पोरीला म्हणाली, मला नाही. "बांगडे हाडून ठेवलेत कधीचे. बस हय, वाटप करूचा हा."